काबोंबाची पानं गळत असतील तर खताआधी पाणी पाहा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. छत्रपती संभाजीनगरला माशांची दोन फुटी टाकी, साधारण ६० लिटर पाणी, तेही बोअरचं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ७०० च्या आसपास, पीएच (पाणी आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधला) ८.२. मासे गप्पी आणि मोली. एलईडी रोज दहा तास चालू. दुकानातून काबोंबाच्या, म्हणजे पाण्याखाली वाढणाऱ्या झालरीच्या पानांच्या झाडाच्या, दोन जुड्या आणल्या, आठवडाभर छान दिसल्या, मग खालची पानं गळायला लागली, काड्या बुळबुळीत झाल्या आणि पानांच्या भुग्यानं फिल्टर तुंबला. दुकानदार म्हणतो द्रवखत घाला. कोणतं खत घालू आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

झाडांच्या टाक्या लावून देणं आणि त्यांची देखभाल करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि ही तक्रार मी सतत ऐकतो. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्याकडे खताची कमतरता नाही. तुमचं पाणी आणि हे झाड यांचं जमत नाही, आणि त्यात जुडी तशीच रोवल्यामुळे भर पडली. आत्ता खत घातलंत तर ते शेवाळाच्या पोटात जाईल.

पण सगळ्यात आधी हातात नक्की कोणतं झाड आहे ते बघा, कारण आपल्याकडच्या दुकानांत पिसासारखं दिसणारं जवळजवळ सगळंच ‘काबोंबा’ म्हणून विकलं जातं. एक काडी पांढऱ्या ताटलीत पाण्यात ठेवा आणि पेरापाशी निरखून पाहा. पेरावर समोरासमोर दोन पानं असतील, प्रत्येकाला वेगळा देठ असेल आणि त्या देठाच्या टोकाला पंखा उघडल्यासारखी पाती असेल, तर तो खरा काबोंबा. पेराभोवती चक्रासारखी पानं असतील आणि ती देठाशिवाय थेट खोडातून फुटलेली असतील, तर ती लिम्नोफिला, म्हणजे दुकानातली अँब्युलिया. मधली शीर सरळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना केसांसारखे तंतू, अगदी पक्ष्याच्या पिसासारखे, असं असेल तर मायरिओफिलम. आणि पान हाताला खरखरीत, टोकाशी दुभंगलेलं, झाडाला मूळ असं नाहीच, तर तो हॉर्नवर्ट. ही चारही झाडं लांबून सारखी दिसतात, पण त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमच्याकडे खरा काबोंबा आहे असं मी धरून चालतो. इतक्या झटपट विरघळणारा या चौघांत तोच.

आता तो का विरघळतो ते सांगतो. पाण्याखालच्या झाडाची मोठी अडचण असते कार्बनची. वायू पाण्यातून सरकतो तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू. शिवाय पानाभोवती स्थिर पाण्याचा एक पातळ थर चिकटून असतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड आत पोचायला वेळ लागतो. म्हणून या झाडांनी पान चिरून चिरून तंतू केले. तेवढ्याच वजनात पाण्याला लागणारं क्षेत्रफळ कितीतरी वाढतं आणि तो थरही पातळ राहतो. तुम्हाला आवडलेली ती नाजूक झालर ही त्या झाडाची कार्बन गोळा करायची सोय आहे. ज्या झाडानं आपलं सगळं शरीर या एका कामासाठी घडवलं, त्याला कार्बनच मिळेनासा झाला तर ते आधी जुनी पानं टाकून देतं.

काही झाडांना याला पर्याय असतो. पाण्यात कार्बन दोन रूपांत उपलब्ध असतो: मोकळा कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट. हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया, इजेरिया यांना बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढता येतो. काबोंबाला ते जमत नाही, त्याला मोकळा वायूच हवा. तुमच्या पाण्याचा पीएच ८.२ आहे, म्हणजे त्यात विरघळलेल्या कार्बनपैकी शंभरातला जेमतेम एखाद-दुसरा भाग मोकळ्या वायूच्या रूपात आहे, बाकी बहुतेक सगळं बायकार्बोनेट. सकाळी दिवा लागला की झाडं आणि शेवाळ मिळून तो थोडासा वायू काही तासांत संपवतात, दुपारपर्यंत पीएच आणखी चढतो आणि उरलेला दिवस काबोंबा उपाशी उभा असतो. शेवाळाच्या अनेक प्रकारांना मात्र बायकार्बोनेट चालतं. तुमचा दिवा दहा तास चालतो, त्यातले शेवटचे चार-पाच तास तुम्ही काबोंबासाठी देत नाही, शेवाळासाठी देताय.

काबोंबाचं मूळ घर अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि दक्षिण अमेरिकेत आहे. तिथल्या मऊ, किंचित आंबट पाण्यात, तळाच्या गाळात तो वाढतो. वॉटर लिलीच्या गणातला आहे तो, तिचा लांबचा नातेवाईक. आपलं दख्खनच्या काळ्या दगडातून आलेलं बोअरचं पाणी त्याच्या घरच्या पाण्याच्या अगदी उलट टोकाला असतं: कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटनं भरलेलं. जास्त पीएचमध्ये त्याची पानं गळतात ही नवी गोष्ट नाही.

इथे ठिकाणाप्रमाणे फरक पडतो हे मान्य करायला हवं. मुंबईत भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मऊ असतं. पुण्यात खडकवासला साखळीतलं नळाचं पाणीही मऊच. तिथे काबोंबा फार कौतुक न करता टिकतो. मात्र त्याच पुण्यात उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं, की मार्चपर्यंत हिरव्यागार असलेल्या टाकीत एप्रिलमध्ये पानं गळायला लागतात. मालक फिल्टर बदलतो, दिवा बदलतो, खत बदलतो. पाणी बदललंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मऊ मिळतं. तेव्हा दुसऱ्या शहरातल्या कुणाच्या टाकीचा फोटो पाहून आपल्या टाकीचा निर्णय घेऊ नका.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत: पाणी बदला, किंवा झाड बदला.

पाणी बदलायचं तर केएच, म्हणजे बायकार्बोनेटमुळे येणारी क्षारता, मोजायची किट घ्या, कारण टीडीएसचा आकडा सगळं सांगत नाही. मीठ जास्त असलं तरी टीडीएस ७०० दाखवेल आणि क्षारता जास्त असली तरी ७०० च. नंतर आरओचं किंवा पावसाचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळायचं. निम्मं-निम्मं केलं की क्षारताही निम्मी होते, हा साधा हिशोब. पावसाचं पाणी गच्चीवरून धरायचं असेल तर पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्या. आरओमधून फेकलं जाणारं पाणी मात्र चुकूनही टाकीत ओतू नका, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. आणि पीएच कमी करायची रसायनंही नकोत. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर पीएच दोन दिवस खाली जातो आणि पुन्हा वर येतो. या चढउतारात झाडापेक्षा माशांचे हाल जास्त होतात. बदामाची वाळलेली पानंही इतक्या जड पाण्यात फारसं काही करू शकत नाहीत.

पण तुमच्याकडे मोली आहेत. मोलींना जड, क्षारयुक्त पाणी मानवतं, मऊ पाण्यात त्या आजारी पडतात. काबोंबासाठी पाणी मऊ करणं म्हणजे सुखात असलेल्या माशांना त्रास देणं. म्हणून तुमच्या टाकीसाठी माझा सल्ला: काबोंबाचा नाद सोडा, अँब्युलिया लावा. दिसायला तशीच झालरीची, पण कितीतरी सोशिक. लिम्नोफिलाच्या काही जाती आपल्याकडच्या भातखाचरांत आणि डबक्यांत आपोआप उगवतात, इथल्या उन्हाशी आणि उबदार पाण्याशी त्यांची जुनी ओळख आहे. अँब्युलियाही फार वेळ टिकली नाही, तर हॉर्नवर्टला तुमच्या पाण्यात काहीही अडचण येऊ नये. तो मातीत रोवायचा नसतो, तरंगता ठेवायचा.

लावायची पद्धत काबोंबा आणि अँब्युलिया दोघांचीही सारखीच आहे, आणि इथेच बहुतेक जुड्या मरतात. दुकानातून येते ती सात-आठ काड्यांची जुडी, खाली शिशाची पट्टी किंवा स्पंज गुंडाळलेला. ही बांधणी वाहतुकीसाठी असते. या काड्यांच्या आत हवेच्या पोकळ्या असतात. पट्टीखाली त्या चेपल्या की तिथली पेशी मरते आणि कुज वर चढते. शिवाय एकमेकींना चिकटलेल्या काड्यांच्या मध्ये उजेडही जात नाही आणि पाणीही फिरत नाही. घरी आणल्या आणल्या पट्टी सोडा. खालचा मऊ, तपकिरी झालेला भाग कात्रीनं कापून टाका, कितीही कापावं लागलं तरी. चार इंचांचा निरोगी शेंडा दहा इंचांच्या अर्धमेल्या काडीपेक्षा केव्हाही बरा.

यानंतर काय करायचं याबद्दल माझं मत इतरांपेक्षा थोडं वेगळं आहे: लगेच रोवू नका. शेंडे आठवडाभर पाण्यावर तरंगत ठेवा. पृष्ठभागाजवळ हवेतून वायू सतत विरघळत असतो, उजेडही सगळ्यात जास्त तिथेच असतो. अशा ठिकाणी वाहतुकीत दमलेलं झाड लवकर सावरतं. पेरांतून पांढरी मुळं डोकावली की समजा झाड लावण्यायोग्य झालं. हेच बादलीत करायचं असेल तर बाल्कनीत ठेवा, पण दुपारचं ऊन थेट पडणार नाही अशा जागी. बादलीचा आणखी एक फायदा म्हणजे गोगलगायीची अंडी दिसतात. त्यांच्यासाठी तुरटीच्या पाण्यात काही तास बुडवून मग स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून घ्या. ब्लीचचं नावही काढू नका, इतक्या बारीक पानांचा त्यात चिखल होतो.

रोवताना खालच्या दोन पेरांवरची पानं काढा आणि ती दोन पेरं वाळूत जातील अशी काडी लांब चिमट्यानं तिरकी खुपसा. एका भोकात एकच काडी, दोन काड्यांत बोटभर अंतर. वाळूचा दाणा दोन-तीन मिलिमीटरचा आणि थर मागच्या बाजूला तीन इंचांपर्यंत असू द्या. सुरुवातीला ही लागवड विरळ, उघडीबोडकी दिसते. ती तशीच राहू द्या, तीन आठवड्यांत भरून येते.

उजेड: सहा ते सात तास, टायमर लावून. तुमचा एलईडी किती लुमेनचा आहे ते खोक्यावर बघा. तुमच्या टाकीला दीड हजार लुमेनच्या आसपास पुरेसे आहेत. कमी-जास्त ओळखायला उपकरण लागत नाही, दोन पेरांमधलं कांडं बघा. कांडी लांबत चालली, झाड शेंड्याकडे पळत सुटलं, तर उजेड कमी पडतोय. कांडी आखूड, पानांची चक्रं एकमेकांवर टेकलेली, तर योग्य. आणि पानांवर धाग्यांसारखं शेवाळ धरायला लागलं तर उजेड कार्बनच्या मानानं जास्त झाला. झालरीच्या पानातून शेवाळ धुऊन निघत नाही. तेवढा भाग कापून टाका, वेळ एक तासानं कमी करा.

सिलिंडरचं म्हणाल तर तुम्हाला नको. गप्पी-मोलीच्या, सोप्या झाडांच्या ६० लिटरच्या टाकीत तो खर्च करण्यासारखा नाही. तांबडा काबोंबा लावायचा असेल तेव्हा त्याच्याशिवाय गत्यंतर नाही, आणि म्हणूनच नवशिक्यांना मी तो लावूच नका म्हणतो. घरच्या घरी हा वायू तयार करणारी साखर-यीस्टची बाटली पहिले काही दिवस जोरात आणि मग रडतखडत चालते. वायूचं प्रमाण असं वरखाली होत राहिलं की शेवाळाला आमंत्रण मिळतं. यापेक्षा फुकटातला उपाय करा: फिल्टरचा झोत असा वळवा की पृष्ठभाग हलका हलत राहील आणि झाडं सावकाश डोलतील. तुमच्या टाकीत दुपारी वायू हवेपेक्षाही कमी असतो, तेव्हा पृष्ठभाग हलला की तो हवेतून परत भरला जातो. पानाभोवतीचा तो चिकट थरही पातळ होतो. ग्लुटारल्डिहाइड असलेलं ‘लिक्विड कार्बन’ मी पिसासारख्या पानांच्या झाडांवर वापरत नाही, या नाजूक पानांना ते भाजतं.

खताची वेळ येते ती झाड वाढायला लागल्यावर. नायट्रोजन आणि फॉस्फरस माशांच्या खाद्यातून मिळतो, आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच असण्याची शक्यताही असते. कमी पडतं ते पोटॅशियम आणि लोह. पोटॅशियमसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारं सल्फेट ऑफ पोटॅश चालतं, पाण्यात पूर्ण विरघळणारं. ६० लिटरला आठवड्यातून अर्धा ग्रॅम पुरे, त्यातून लिटरमागे सुमारे पावणेचार मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. लोहाच्या बाबतीत बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. ईडीटीए आणि डीटीपीए ही लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारी रसायनं. ईडीटीएच्या रूपातलं लोह जास्त पीएचमध्ये टिकत नाही, साताच्या वर ते वाया जायला लागतं. डीटीपीए थोडं जास्त टिकतं, तुमच्या पाण्याला ते त्यातल्या त्यात बरं. लोह कमी आहे हे नव्या शेंड्यावर कळतं, तो फिका, पिवळसर निघतो. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर ती नायट्रोजनची किंवा पोटॅशियमची खूण. शेतीसाठीचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण मात्र टाकीत नको, त्यात तांबं आणि जस्त इतकं असतं की कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

तुमच्या भागातल्या उन्हाळ्याचाही विचार करा. मे महिन्यात टाकीतलं पाणी सहज ३२ अंशांवर जातं. काबोंबाला २७ च्या आत बरं वाटतं. उबदार पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३२ ला साधारण सव्वासात. झाडाचा श्वसनाचा खर्च मात्र वाढलेला असतो, म्हणजे मिळकत तेवढीच आणि खर्च जास्त. टाकीचं झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंखा लावा. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, कोकणात तेवढा नाही. बाष्पीभवनानं कमी झालेलं पाणी बोअरच्या पाण्यानं भरू नका, तसं केलंत तर क्षार साठत जातात. या कामाला आरओचं पाणी वापरा.

छाटणीला घाबरू नका. अँब्युलिया पृष्ठभागाला टेकली की वरच्या वर पसरते, खाली सावली पडते आणि मग तिचीही खालची पानं गळतात. लोक तेव्हा पुन्हा खताकडे वळतात. पृष्ठभागापासून चार बोटं खाली असतानाच कापा, पेराच्या किंचित वर. बुंध्यातून बहुतेक वेळा दोन फुटवे येतात, कापलेला शेंडा शेजारी लावता येतो. दोन-तीन छाटण्यांनंतर बुंधे म्हातारे, काळपट दिसू लागतात. तेव्हा ते उपटा आणि सगळी जागा ताज्या शेंड्यांनी भरा.

आता एका गोष्टीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. छाटलेले तुकडे नाल्यात, विहिरीत, तलावात टाकू नका. काबोंबाच्या काडीचा पेर असलेला लहानसा तुकडाही नवं झाड होतो. ऑस्ट्रेलियात तो राष्ट्रीय पातळीवरच्या तणांच्या यादीत आहे, युरोपीय संघानं २०१६ मध्ये त्याला घातक परकीय जातींच्या यादीत टाकलं. केरळात कोळिकोडजवळच्या आवळा पांडी भागातले पाण्याचे प्रवाह २०२० मध्ये गुलाबी फुलांनी भरले होते, त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. बघायला माणसांची गर्दी झाली. ती फुलं तांबड्या काबोंबाची, म्हणजे काबोंबा फर्काटाची होती, आणि ती झाडं मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडे नद्यांवर पसरलेली जलपर्णी काय करते ते आपण दरवर्षी बघतो. छाटलेले तुकडे कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि कुंडीतल्या मातीत मिसळा, उत्तम खत होतं.

आत्ता टाकीत जे उरलंय त्याचं काय, हा प्रश्न राहिला. आज गळलेला सगळा भुगा नळीनं ओढून काढा आणि १५ लिटर पाणी बदला. कुजणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो आणि तुमच्या पीएचला त्याचा जास्त विषारी भाग माशांपर्यंत पोचतो, म्हणून हे उद्यावर टाकू नका. जुड्या सोडा, हिरवे शेंडे तेवढे कापून तरंगत ठेवा. दिवा सात तासांवर आणा. दहा दिवसांनी त्या शेंड्यांच्या टोकाला नवी, फिकट हिरवी पानं आणि पेरांना मुळं दिसली, तर त्यांना तसंच तरंगतं वाढू द्या. तुमच्या पाण्यात काबोंबाला जगायची संधी असेल तर ती पृष्ठभागावरच आहे, आणि गप्पीच्या पिल्लांना लपायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. नाही दिसली, तर काढून टाका आणि अँब्युलियाच्या जुडीची चौकशी करा. घेताना शेंडे नाही, जुडीचा तळ बघून घ्या. आणि केएच मोजलात तर आकडा इथेच लिहा, त्यावरून अँब्युलिया लावायची की थेट हॉर्नवर्ट, हे नक्की सांगता येईल.